कुरआन शरीफ हाताळण्याचे आणि वाचण्याचे आदाब: हुकूम कोणता, रिवाज कोणता

आपल्या बहुतेक घरांत कुरआन शरीफच्या एकापेक्षा जास्त प्रती असतात. एक लग्नात आलेली, मखमली पेटीतली. एक अम्मीची, पानं सुटत आलेली. एखादी हजहून कुणी आणलेली. मकतबला जाणाऱ्या मुलांचे सुटे पारे वेगळेच. यातली रोज उघडली जाते ती कोणती, असं विचारलं तर बऱ्याच घरांत उत्तराला वेळ लागतो. आळस हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण भीती हे आहे. वुजू नाही, डोक्यावर ओढणी नाही, उच्चार बरोबर येत नाही, घरात गडबड आहे, बेअदबी होईल. म्हणून नंतर वाचू. हे नंतर रमजानमध्ये येतं, कधी कधी तेव्हाही येत नाही.

सूरह फुरकानच्या ३० व्या आयतीत प्रेषित (स.) आपल्या रब्बकडे तक्रार करतात की माझ्या कौमने हा कुरआन सोडून दिला. सोडून देण्याचे प्रकार अनेक असू शकतात, त्यात उंच फडताळावर जुजदानात बांधून ठेवणंही बसतं. आदाबांवर ज्यांनी लिहिलं ते स्वतः रोज वाचणारे लोक होते. सातव्या हिजरी शतकातले इमाम नववी (र.) यांची ‘अत-तिबयान’ ही छोटी किताब याच विषयावर आहे आणि आजही मदरशांत वाचली जाते. ती कुरआनजवळ राहणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे.

म्हणून या लेखात प्रत्येक गोष्टीत तीन भाग वेगळे करण्याचा प्रयत्न आहे: शरीअतचा हुकूम काय, अदब म्हणून चांगलं काय, आणि फक्त रिवाज काय. महाराष्ट्रात मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रात बहुतांश लोक हनफी आहेत, तर कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई. दोन्हींत फरक आहे तिथे तो सांगितला आहे. अहले हदीस घरांनी आपल्या आलिमांना विचारावं, काही मसल्यांत त्यांचं मत वेगळं आहे.

वुजू आणि गुसल

सूरह वाकिआची ७९ वी आयत आणि हजरत अम्र बिन हज्म (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) पाठवलेलं पत्र, ज्याचा उल्लेख इमाम मालिक (र.) यांच्या ‘मुवत्ता’त आहे, या आधारावर चारही इमामांचं मत असं की पाक नसताना मुसहफला हात लावू नये. मुसहफ म्हणजे अरबी मतनाची छापील किंवा हस्तलिखित प्रत.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही. वुजूची अट हात लावण्यासाठी आहे, तोंडाने वाचण्यासाठी नाही. वुजू नसताना पाठ असलेली सूरह वाचायला हरकत नाही, यावर उलमांचं एकमत आहे. एसटीच्या रांगेत, भाकऱ्या थापताना, रात्री झोप येत नसताना जे पाठ आहे ते वाचता येतं. वुजू असेल तर उत्तमच. गुसल वाजिब असेल (जनाबत), तर मात्र आधी गुसल, मग तिलावत. त्या हालतीत तोंडीही नाही.

हनफी मसलकात वुजू नसताना वेगळ्या कपड्याने, म्हणजे रुमाल किंवा सुटं जुजदान यांनी कुरआन उचलता येतो. अंगावरच्या ओढणीच्या किंवा बाहीच्या टोकाने धरणं बरं नाही, कारण तो कपडा आपल्या अंगाचाच भाग धरला जातो. जिल्दीला चिकटलेलं कव्हर हाही मुसहफचाच भाग. शाफई मसलकात जास्त सावधगिरी आहे: जिल्द, कोरा समास, काहीच वुजूशिवाय धरायचं नाही आणि उचलून न्यायचंही नाही. प्रवासाच्या बॅगेत इतर सामानासोबत असेल तर तिथे सवलत आहे.

तफसीरची मोठी पुस्तकं, ज्यांत अरबी आयतींपेक्षा तफसीरचा मजकूर जास्त असतो, त्यांच्याबाबत बहुतेक उलमा सवलत देतात. तरी बोट नेमकं आयतीवर ठेवू नये. फक्त मराठी तर्जुमा असेल, अरबी मतन नसेल, तर त्याला मुसहफचा हुकूम लागू होत नाही. इज्जतीने हाताळावा एवढंच.

बायकांचे ते दिवस

हा प्रश्न मुली मोठ्याने विचारत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हैज आणि निफासच्या दिवसांत हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत मुसहफला हात लावायचा नाही आणि तिलावतच्या नियतीने आयत वाचायची नाही. पण या दिवसांत अल्लाहचं नाव घ्यायचंच नाही, असा जो समज घरोघरी आहे त्याला काही आधार नाही. दरूद, इस्तिगफार, तसबीह, झोपतानाच्या आणि खाण्याच्या दुआ, सगळं चालतं. कुरआनातल्या ज्या आयती दुआ किंवा जिक्र आहेत, त्या दुआच्या नियतीने वाचता येतात. कुरआन ऐकता येतो. ओठ न हलवता, फक्त डोळ्यांनी पाहून मनात वाचता येतं. तर्जुमा वाचता येतो.

मकतबमध्ये शिकवणाऱ्या आपांसाठी हनफी उलमांनी मार्ग दिला आहे: पूर्ण आयत एकसंध न वाचता एकेक शब्द तोडून शिकवावं. इमाम मालिक (र.) यांच्या मसलकात हैजच्या काळात तोंडी वाचण्याची परवानगी आहे, आणि हिफ्ज करणाऱ्या मुलींचा सबक महिन्यातून आठवडाभर बंद राहू नये म्हणून काही उलमा त्या मताकडे पाहतात. आपल्या मुलीने काय करायचं हे तिच्या उस्तादांना किंवा मुफ्तीसाहेबांना विचारा, आणि तिच्यासाठी तिच्या अम्मीने विचारलं तरी चालतं. मुलीला संकोच वाटतो म्हणून ती गप्प राहते आणि सबक मागे पडतो. मकतबमध्ये त्याचं कारण कुणाला कळत नाही.

मुलं

नाबालिग मुलांवर वुजूची सक्ती नाही. शिकण्यासाठी त्यांनी पारा हातात घेतला तर दोन्ही मसलकांत सवलत आहे, कारण दर वेळी वुजूला पाठवलं तर शिकणंच राहून जाईल. सवय म्हणून वुजू शिकवा, पण वुजू नाही म्हणून सहा वर्षांच्या पोराच्या हातातून पारा हिसकावून घेऊ नका.

मराठी आणि इंग्रजी शाळेतली मुलं कायदा डावीकडून उघडतात. मी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे ही गंमत दर वर्षी बघते: घरी मकतबचा अभ्यास करून आलेलं पोर शाळेत वही मागून उघडतं आणि मकतबमध्ये पारा उलटा धरतं. यात बेअदबी काही नाही. दोन दिशांची सवय लागायला थोडे महिने लागतात. रागावलं तर मूल पाऱ्यालाच घाबरायला लागतं.

पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, पाऱ्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारायच्या नाहीत, पारा दप्तरात चप्पल-डब्याखाली कोंबायचा नाही. एवढं शिकवलं तरी पुष्कळ. सबकाची खूण करायची असेल तर कागदाची पट्टी ठेवावी.

ठेवायचं कुठे

कुरआन जमिनीवर, पायांजवळ ठेवू नये. त्याच्यावर दुसरं पुस्तक, चष्मा, मोबाइल, चहाचा कप ठेवू नये. टेकायला किंवा उशीखाली वापरू नये. वाचताना रिहल, उशी किंवा स्वच्छ कपड्यावर ठेवावा. त्याच्याकडे पाय करून बसू नये. यातलं बरंचसं कोणत्याही शरीफ घरातलं मूल सांगितल्याशिवाय शिकतं.

खरा प्रश्न छोट्या घरांचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत झोपणं, जेवणं, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळं एकाच जागी. तिथे कुरआन सगळ्यात वर, छताला लागून ठेवतात, मग काढायला स्टूल लागतं आणि स्टूल लागतं म्हणून काढलाच जात नाही. उभ्या माणसाचा हात सहज पोहोचेल एवढी उंची पुरेशी आहे. मोरीच्या भिंतीला लागून नको, फ्रिजच्या वर नको. त्याच खोलीत माणसं राहतात, कपडे बदलतात, तर कुरआन कपड्यात किंवा कपाटात झाकलेला असावा. यापेक्षा जास्त वहम करण्याची गरज नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ही वेगळीच कसोटी असते. जुजदानात घट्ट बांधून ठेवलेल्या प्रतीला बुरशी येते, पानांना कसर लागते, भिंतीला लागून असेल तर वाळवीही. रोज हाताळली जाणारी प्रत सहसा वाचते. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, पाऊस उघडला की प्रत सावलीत, वाऱ्याला उघडी ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला जुजदानाच्या बाहेर किंवा फडताळात ठेवायचा, पानांमध्ये नाही. पानांवर डाग पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणं सगळ्यात वाईट, ओल आतच राहते.

वाचायला बसताना

स्वच्छ जागा, जमलं तर किब्ल्याकडे तोंड, मिसवाक केलेलं तोंड. हे सगळं मुस्तहब आहे, म्हणजे केलं तर सवाब, राहिलं तर गुन्हा नाही. डोकं झाकणं हा अदब आहे, तिलावतीची अट नाही.

सुरुवातीला तअव्वुज, म्हणजे अऊजुबिल्लाह, वाचावी; सूरह नहलच्या ९८ व्या आयतीत तसा हुकूम आहे. मग बिस्मिल्लाह. सूरह अनफाल संपवून पुढे सूरह तौबा सुरू होते तिथे बिस्मिल्लाह नाही, ती छापलेलीही नसते.

सूरह मुज्जम्मिलच्या चौथ्या आयतीत तरतीलने, म्हणजे ठहरून, स्पष्ट वाचायला सांगितलं आहे. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात पूर्ण कुरआन वाचणाऱ्याला तो समजला नाही, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. आपल्याकडे कुरआनख्वानीत पारे वाटले जातात आणि समोर बिर्याणीचा वास येत असतो. अर्ध्या तासात पारा ‘झाला’ असं म्हणून मिटवला जातो. तीस माणसांनी घाईत तीस पारे उरकण्यापेक्षा दहा माणसांनी जमेल तेवढे नीट वाचले तर काय बिघडतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

रोज किती? पंधरा ओळींच्या मुसहफमध्ये एक पारा साधारण २० पृष्ठांचा असतो. प्रत्येक नमाजनंतर चार पृष्ठं वाचली तर पाच नमाजांत एक पारा होतो, रमजानमध्ये बरेच जण हाच हिशेब ठेवतात. एरवी एवढं जमत नसेल तर रोज दोन पृष्ठं. संपूर्ण मुसहफ सुमारे ६०० पृष्ठांचा. दहा महिन्यांत एक खत्म होतो आणि रोज दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो.

मशिदीत शेजारी कुणी नमाज पढत असेल तर आवाज खाली ठेवावा. एतिकाफमध्ये लोक मोठ्याने वाचत होते तेव्हा प्रेषितांनी (स.) पडदा बाजूला करून सांगितलं की प्रत्येक जण आपल्या रब्बशी बोलतो आहे, एकमेकांना त्रास देऊ नका, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मग मोहल्ल्यात रात्री लाउडस्पीकर लावून वाचण्याबद्दल काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं.

देवनागरीतला कुरआन

आपल्या महाराष्ट्रातल्या घरांचा सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे, म्हणून थोडं थांबून बोलू.

उर्दू शाळेत न गेलेली एक पूर्ण पिढी आता आई-बाप झाली आहे. त्यांच्या हातात यासीन शरीफ, पंजसूरा देवनागरीत येतात. दुकानात मिळतात, स्वस्त असतात, आणि ज्यांना अरबी अक्षर येत नाही त्यांना तोच आधार वाटतो. त्यांच्या नियतीवर शंका घेण्याचं कारण नाही. पण देवनागरी अरबी उच्चार धरू शकत नाही, हे उदाहरणाने बघा.

सीन, स्वाद आणि से, तिघांसाठी देवनागरीत एकच ‘स’. जाल, जे, ज्वाद आणि जोय, चौघांसाठी एकच ‘ज’. बडी हे आणि छोटी हे दोन्ही ‘ह’. ते आणि तोय दोन्ही ‘त’. ऐन आणि अलिफ दोन्ही ‘अ’. बडा काफ आणि छोटा काफ दोन्ही ‘क’. आता ‘कल्ब’ हा शब्द घ्या: बड्या काफने वाचला तर दिल, छोट्या काफने वाचला तर कुत्रा. ‘कुल’ घ्या, ज्याने आपल्या चारही कुल सुरू होतात: बड्या काफने ‘सांग’, छोट्या काफने ‘खा’. देवनागरीत दोन्ही अगदी सारखे दिसतात. हिंदीत नुक्ता देऊन थोडं भागवतात, मराठी छपाईत तोही नसतो आणि असला तरी वाचणाऱ्याला त्याचा आवाज माहीत नसतो.

जेर-जबरचंही तसंच. सूरह फातिहात ‘अनअम्ता’ आहे. शेवटच्या तेवर जबरऐवजी पेश वाचलं की ‘तू इनाम केलंस’ याचं ‘मी इनाम केलं’ होतं. अशा चुकीला तजवीदमध्ये लहने जली म्हणतात, म्हणजे उघड, मोठी चूक. गुन्ना कमी झाला, मद थोडी आखूड पडली, ही लहने खफी. तिच्यासाठी रडत बसू नये, हळूहळू सुधारते.

पूर्ण कुरआन अरबीशिवाय दुसऱ्या लिपीत लिहिणं बहुतेक उलमांनी नाजायज ठरवलं आहे ते यामुळेच. मग देवनागरीवाल्यांनी काय करायचं? वाचणं सोडायचं, हे उत्तर चुकीचं आहे. देवनागरी पुस्तिका असेल तर सोबत एखाद्या चांगल्या कारीची तिलावत लावा, कानाने उच्चार पकडा आणि छोट्या सूरह तोंडी पाठ करा. हे करत असतानाच नूरानी कायदा सुरू करा. मराठी वाचता येणाऱ्या मोठ्या माणसाला अरबी अक्षरांची ओळख व्हायला फार दिवस लागत नाहीत. रोज वीस मिनिटं दिली तर काही महिन्यांत तो अडखळत का होईना आयत जोडू लागतो. चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या बायका नातवांच्या कायद्यातून शिकतात हे मी पाहिलं आहे, आणि नातवंडं उस्ताद होऊन फार कडक शिकवतात.

अडखळत वाचण्याची लाज वाटणाऱ्यांसाठी हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे: जो अटकत अटकत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी सवाब आहे. एक तिलावतचा, एक त्या कष्टाचा.

आणि अर्थ? मराठीत तर्जुमे उपलब्ध आहेत, ते घरात असावेत. तर्जुमा वाचल्याने तिलावतचं काम होत नाही, तसं फक्त तिलावतने समजण्याचं काम होत नाही. सूरह सॉदच्या २९ व्या आयतीत कुरआन कशासाठी उतरवला याचं कारण दिलं आहे: लोकांनी त्याच्या आयतींवर विचार करावा म्हणून. विनोबा भावे मुसलमान नव्हते, तरी त्यांनी अरबी शिकून कुरआनातल्या आयतींचं संकलन केलं. आपण निदान रोज पाच आयती मराठीत समजून घ्याव्यात. शेजारचे मराठी मित्र कुरआनबद्दल विचारतात तेव्हा द्यायलाही तर्जुमाच योग्य, अरबी मतन नसलेला.

हजहून आलेली प्रत

मदीना मुनव्वराची छपाई फार सुंदर असते, पण आपल्या मुलांना ती वाचताना अडचण येते आणि आई-बापांना वाटतं पोर शिकलेलं विसरलं. तसं नसतं. मदीना प्रतीत जज्मची खूण वेगळी, न वाचल्या जाणाऱ्या हरफावर छोटा गोल, सुरुवातीच्या अलिफवर छोटा स्वाद. आपल्याकडच्या प्रतीत खडी जेर, उलटा पेश असतात, तिथे छोटी ये आणि छोटा वाव. समासातला रुकूचा ऐनही तिथे नाही. कुरआन तोच, खुणा वेगळ्या. मुलाचा कायदा पक्का होईपर्यंत ज्या छपाईत मकतबमध्ये शिकवतात तीच प्रत घरी ठेवा.

थांबण्याच्या खुणा तर शिकवाच. छोटा मीम आला तर थांबायचं, आयतीच्या मध्ये ‘ला’ आला तर थांबायचं नाही, तोय असेल तर थांबणं चांगलं, जीम असेल तर दोन्ही चालतं. श्वास तुटला म्हणून भलतीकडे थांबलं तर दोन शब्द मागे जाऊन पुन्हा जोडून घ्यावं.

सजद्याची आयत

तिलावतचे सजदे हनफी मसलकातही १४ आणि शाफईतही १४, पण तेच १४ नाहीत. हनफी सूरह सॉदचा सजदा मोजतात, शाफई त्याला तिलावतचा नाही, शुक्रचा सजदा मानतात. शाफई सूरह हजमधले दोन्ही सजदे मोजतात, हनफी पहिलाच. भारतीय छपाईत सूरह हजच्या ७७ व्या आयतीच्या समासात इमाम शाफईंचं नाव असतं ते यासाठी. रत्नागिरीची सून सोलापूरच्या घरात आली तर यावरून वाद घालायचं कारण नाही. दोघांचंही बरोबर आहे.

हनफींकडे हा सजदा वाजिब आहे, वाचणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावरही. लगेच नाही जमला तर नंतर करावा. शाफईंकडे सुन्नत आहे. वुजू दोन्हीकडे लागतो. हनफी पद्धतीत तकबीर म्हणून सजदा, मग तकबीर म्हणून उठायचं, सलाम नाही. शाफई पद्धतीत नियत, हात उचलून तकबीर, सजदा आणि शेवटी सलाम. रेकॉर्ड केलेल्या तिलावतीने सजदा वाजिब होत नाही, असं बहुतेक हनफी मुफ्ती सांगतात.

मोबाइल

मोबाइलमधल्या अॅपला छापील मुसहफचा पूर्ण हुकूम लागतो का, यावर बहुतेक आलिम म्हणतात की नाही: अक्षरं काचेमागे प्रकाशाने उमटतात आणि पुसली जातात. म्हणून वुजूशिवाय फोन धरता येतो. काही हनफी मुफ्ती सावधगिरी म्हणून पडद्यावर आयत दिसत असताना तिला बोट लावू नये म्हणतात. अॅप बंद असताना फोन खिशात ठेवून बाथरूमला जायला हरकत नाही.

आयतीचा फोटो किंवा मेसेज डिलीट केला तर गुन्हा होतो, हा गैरसमज आहे. त्या भीतीने लोकांचे फोन भरून जातात. रिंगटोन म्हणून तिलावत मात्र ठेवू नये. फोन उचलला की आयत अर्ध्यात तुटते, आणि फोन कुठे वाजेल याचा भरवसा नसतो. दुकान उघडताना बरकतसाठी तिलावत लावतात आणि तिच्यावरच गिऱ्हाईकाशी भाव करतात. सूरह आराफच्या २०४ व्या आयतीत कुरआन वाचला जात असेल तेव्हा कान देऊन, शांत राहून ऐकायला सांगितलं आहे. दहा मिनिटं ऐकायला बसता येत असेल तर लावा, नाहीतर बंद ठेवलेलं बरं.

काही रिवाज

कुरआन हातातून निसटला तर त्याच्या वजनाइतकं धान्य किंवा मीठ सदका द्यायचं, असा रिवाज आहे. शरीअतमध्ये असा हुकूम नाही. चुकून पडला तर पटकन उचलावा, इस्तिगफार करावा. सदका मनाने द्यायचा तर जमेल तेवढा द्यावा, पण कुरआन तराजूत घालू नये. उघडा ठेवला तर शैतान वाचतो, हीही ऐकीव गोष्ट. उघडा ठेवू नये, कारण धूळ बसते आणि दुर्लक्ष दिसतं, एवढंच. उचलल्यावर चुंबन घेणं मोहब्बतीचं आहे, कुणी घेतलं नाही तर त्याला टोकू नये. नवरीला कुरआनखालून नेणं हा रिवाज आहे, सुन्नत नाही.

जमिनीच्या नाहीतर पैशाच्या भांडणात ‘कुरआन उचल’ म्हणणं फार वाढलं आहे. कसम अल्लाहच्या नावाने होते आणि खोटी कसम कबीरा गुनाह आहे. कुरआन हातात नव्हता म्हणून ती हलकी होत नाही. दीड गुंठ्यासाठी कुरआन मध्ये आणणाऱ्यांनी तलाठ्याकडून सातबारा आणावा.

लग्नपत्रिकेवर आयत छापू नये, हे मी प्रत्येक ओळखीच्या घरी सांगते. दुसऱ्या दिवशी हॉलच्या बाहेर त्या पत्रिका पायाखाली असतात.

जीर्ण प्रती आणि सुटी पानं

आधी बाइंडरकडे चौकशी करा. बऱ्याच प्रती नवी जिल्द आणि शिलाई केली की आणखी वीस वर्षं चालतात. पान हरवलेली प्रत वाचायला ठेवू नये, कारण वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही आणि आयती सुटतात.

खरंच वाचण्यालायक राहिली नसेल तर हनफी फिक्हच्या किताबांत सांगितलेला मार्ग असा: स्वच्छ कपड्यात गुंडाळून, माणसांचा पाय पडणार नाही अशा जागी खड्डा करून दफन करावं. कब्रेसारखी वर फळी किंवा फरशी ठेवावी, म्हणजे माती थेट पानांवर पडत नाही. कब्रस्तानचा कोपरा यासाठी बरा, कमिटीला विचारून. दुसरा मार्ग खोल पाण्याचा, पण वजन बांधून, तळाशी बसेल असा. आपल्या नद्यांना उन्हाळ्यात पाणी कुठे असतं? पुलावरून टाकलेल्या पिशव्या दोन महिन्यांनी काठाच्या चिखलात उघड्या पडतात. म्हणून आता नदीचा मार्ग नकोच. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रमाण प्रती तयार झाल्यावर इतर लिखाण जाळायला लावलं होतं, हे बुखारीत आहे, आणि त्यावरून काही उलमा जाळण्याची परवानगी देतात. पण आपल्याकडे ते कुणी पाहिलं तर क्षणात गैरसमज होऊन मोहल्ल्यात गोंधळ होऊ शकतो. घरच्या घरी हे करू नका.

बऱ्याच मशिदींत जीर्ण पानांसाठी पेटी असते. त्यात पानं टाका, उर्दू वर्तमानपत्रं, कॅलेंडरं आणि जुनी पाठ्यपुस्तकं नव्हे; पेटी आठवड्यात भरते आणि मुअज्जिनसाहेबांना एकेक कागद निवडत बसावं लागतं. अल्लाहचं नाव असलेला भाग कापून तेवढाच पेटीत टाकला तर बाकीचा कागद रद्दीत द्यायला हरकत नाही.

आणि घरात कुणाचा इंतकाल झाल्यावर मशिदीत कुरआनच्या प्रती द्यायच्या असतील तर आधी इमामसाहेबांना विचारा. कित्येक मशिदींच्या फडताळात न उघडलेल्या प्रतींची चळत असते आणि मकतबमध्ये मुलांना कायदे, सुटे पारे आणि रिहल कमी पडतात. मशिदीला वक्फ केलेली प्रत घरी वाचायला न्यायची नाही, आणि दिलेल्या प्रतीवर मरहूमचं नाव लिहायचंच असेल तर आतल्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने लिहा.